आज कोणता वार?

मामेभावाचा फोन आला तेव्हा मी कूलरमध्ये पाणी भरत होते. एका हातात पाइप, मान वाकडी करून खांद्यावर फोन, आणि तिकडून प्रश्न, "ताई, पुढच्या आठवड्यात आम्ही तिघं येतोय. तीन दिवस. नागपुरात बघण्यासारखं काय आहे गं?"

पाइप निसटला आणि व्हरांडाभर पाणी झालं.

हा प्रश्न मला आयुष्यात पन्नास वेळा तरी विचारला गेला असेल. पुण्याच्या माणसाला तो विचारून बघा. तो शनिवारवाड्यापासून जो सुरू होतो, तो ऐकणारा थकेपर्यंत थांबत नाही. नागपूरकर मात्र आधी जरा गप्प होतो. मग "तसं म्हणशील तर..." अशी चाचरत सुरुवात करतो आणि शेवटी "तू ये तर खरा बाप्पा, खायला खूप आहे" म्हणून मोकळा होतो. मीही तेच केलं. एकच गोष्ट सांगायची राहिली. मे महिन्याचा शेवट म्हणजे नवतपा. सूर्य रोहिणीत शिरला की नऊ दिवस या गावात सकाळी दहा ते संध्याकाळी सहा फक्त कूलर जागे असतात.

आले बिचारे. भाऊ, भावजय आणि आर्किटेक्चर शिकणारी भाची. भाचीच्या फोनवर अकरा ठिकाणांची यादी होती. सोफ्यावर मांडी घालून ती एकेक नाव वाचू लागली. आई खिडकीशी तिच्या खुर्चीत होती. वय शहाऐंशी, कान उत्तम, नाक त्याहून उत्तम. तिनं यादी ऐकलीच नाही. विचारलं, "आज कोणता वार?"

"सोमवार, आजी."

"मग अजब बंगला बंद."

अजब बंगला म्हणजे मध्यवर्ती वस्तुसंग्रहालय, १८६३ सालचं. यादीत त्याचा तिसरा नंबर होता. भाचीनं त्याच्यावर काट मारली आणि पुढचं नाव वाचलं, सीताबर्डीचा किल्ला. आई हसली. "तो तर आम्हालाच वर्षातून तीनदा दिसतो." किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. सव्वीस जानेवारी, एक मे आणि पंधरा ऑगस्ट असे तीन दिवस तो लोकांसाठी उघडतो. एक मे होऊन तीन आठवडे उलटले होते. "संत्री?" भावजयीनं विचारलं. आंबिया बहार दिवाळीच्या आगेमागे येतो, मृगाचा फेब्रुवारी-मार्चमध्ये. मेमध्ये झाडावर पिकलेलं काही नाही. "मग ते मारबत का काय म्हणतात ते?" पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. पुडाची वडी? अगं, एवढा सांबार आता आणायचा कुठून, ती थंडीतली गोष्ट. ("आत्या, सांबारात वडी?" आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. हे समजावण्यात पाच मिनिटं गेली.)

यादीत चार नावं उरली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई मात्र निर्विकार. तिच्या मते चूक पाहुण्यांची होती. गावाला जायचं तर वार-तिथी बघून जावं, ठिकाणांची यादी घेऊन काय येतात?

तेव्हा मला तिचं बोलणं म्हातारपणचा हट्ट वाटलं. नंतर ध्यानात आलं की आमचं गाव खरोखरच वारांवर वसलंय. इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी ही सगळी वस्त्यांची नावं. त्या त्या वारी तिथं बाजार भरायचा, बाजार गेला किंवा रोजचा झाला, वार तेवढा जमिनीला चिकटून राहिला. त्यामुळे "मंगळवारी शुक्रवारीत गेले होते" हे वाक्य नागपुरात बरोबर असतं. त्यातही गंमत बघा, रविवारला इथे कुणी रविवार म्हटलं नाही, इतवारीच म्हटलं. आणि शुक्रवार तर एकाच वेळी दोन भाषांत नांदतो. माझं माहेर महालातलं. घरापासून पाच मिनिटांवर तलाव. त्याला आजी शुक्रवारी तलाव म्हणायची, समोरचे भाजीवाले चाचा जुम्मा तलाव, आणि आमच्या शाळेच्या वहीत तो गांधीसागर होता. वेशीच्या दरवाजाचंही तेच, कधीकाळचा जुम्मा दरवाजा, आताचा गांधी गेट.

देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह यानं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला नाग नदीच्या काठची बारा-पंधरा खेडी जोडून हे गाव वसवलं. त्याच्या मुलानं, चांद सुलतानानं, तट बांधला, तलाव केला. मग रघुजी भोसले आले, त्यांनी इथे राजधानी केली. गोंडांचं गाव, मराठ्यांची गादी, मागाहून इंग्रजांचा मध्यप्रांत, आणि आता महाराष्ट्राची उपराजधानी. एवढ्या जणांनी नावं ठेवलेल्या गावात वस्त्यांना वारांची नावं उरली हे मला फार शहाणपणाचं वाटतं. राजे बदलले तरी मंगळवार कुणी बदलू शकत नाही.

मंगळवारी सकाळी साडेसहाला बाहेर पडलो. त्या वेळेला उन्हाची धार अजून बोथट असते. आधी झिरो माईल. चार घोडे आणि वालुकाश्माचा खांब, सगळ्या देशाचा मध्य म्हणून पोरं ज्याच्याजवळ फोटो काढतात तो. खरं तर हे मोजणीवाल्यांचं स्मारक. त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या काळात, १९०७ साली, इथे दगड बसवला आणि त्यावर गावांची अंतरं मैलांत कोरली. भाची आर्किटेक्चरची, ती घोड्यांकडे न बघता दगडाकडे गेली आणि बोटानं अक्षरं शोधू लागली. हैदराबाद, चांदा, जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतूल.

"आत्या, यात पुणं नाहीये. मुंबईपण नाही."

मी इतकी वर्षं त्या रस्त्यानं बँकेत गेले, पण हे कधी माझ्या डोक्यात आलं नव्हतं. नसणारच! त्या काळी आमचं मुंबईशी काय नातं? नागपूर मध्यप्रांताची राजधानी, आमचं जाणं-येणं, लग्नं, बदल्या सगळ्या उत्तरेला आणि पूर्वेला. आजीचं माहेर छिंदवाड्याचं. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली आणि आम्ही मुंबई राज्यात आलो, चार वर्षांनी महाराष्ट्रात. दगडावर मात्र जुनेच सोयरे आहेत. नागपूरचा माणूस अनोळख्याशी हिंदीत का सुरू होतो, हे पुण्याच्या पाहुण्यांना दर वेळी नव्यानं सांगावं लागतं. पुढच्या वेळी बोलणार नाही, त्या दगडापाशी नेऊन उभं करीन.

तिथून जवळच गोवारी स्मारक आहे. २३ नोव्हेंबर १९९४. हिवाळी अधिवेशनावर गोवारी समाजाचा मोर्चा आला होता, चेंगराचेंगरीत ११४ माणसं गेली, त्यांत बायका आणि लेकरं किती तरी. त्या संध्याकाळी मी बँकेतून घरी आले, आणि रात्री रेडिओवर आकडा वाढत गेला तो अजून कानात आहे. १९५३च्या नागपूर करारामुळे डिसेंबरच्या सुमारास सरकार इथे येतं आणि त्याच्या मागोमाग गावागावातून गाऱ्हाणी पायी येतात. पर्यटनाच्या यादीत हे स्मारक नसतं. भावानं टोपी काढली, आम्ही मिनिटभर उभे राहिलो, आणि कोणी काही बोललं नाही.

मग पोहे. तर्री पोहे दहा वाजता मागायला गेलात तर पातेलं घासत असलेला माणूस तुमच्याकडे दयेनं बघतो. आम्ही सातला गाडीपाशी होतो. परातीत फिक्या पिवळ्या पोह्यांचा डोंगर, अगदी साधे, जवळजवळ निष्पाप म्हणावेत असे. बाजूच्या पातेल्यात काळे चणे लाल पाण्यात डुबक्या मारताहेत. खरी कला पळीत आहे. पळी पातेल्याच्या तळाशी गेली की चणे येतात, वरच्यावर फिरवली की तर्री येते. तर्री म्हणजे रश्श्यावर तरंगणारं मसाल्याचं लाल तेल. गाडीवाला आधी तळाशी जातो, मग मनगट किंचित वळवून वरचा थर उचलतो, आणि दोन्ही एकाच पळीत पोह्यांवर ओततो. पोह्याचा डोंगर पायथ्याकडून लाल होत जातो. वर कांदा, शेव, लिंबू. तुम्ही खात असताना तो येऊन विचारतो, "तर्री और मारू क्या भैया?" याला नाही म्हणायचं नसतं.

भावानं नाही म्हटलं. "पोहे कोरडेच बरे लागतात," असंही म्हणाला. गाडीवाल्यानं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "पाहुणे?" "हो न भाऊ, पुण्याचे." "हां, मग ठीक आहे." भाचीनं मात्र तीनदा घेतली. डोळ्यांतून पाणी, नाक वाहतंय, आणि ती बशी तिरपी करून उरलेली तर्री पितेय. माझ्या मनात त्या क्षणी तिचा नंबर वर गेला.

साडेनऊनंतर बाहेर राहण्यात अर्थ नव्हता. हायकोर्टाची इमारत आम्ही गाडीतूनच पाहिली. हेन्री मेडनं केलेली, १९४०मध्ये उघडलेली, रुंद, शांत, डोक्यावर घुमट घेतलेली. भाची काच खाली करून बघत होती आणि भावजय एसी जातो म्हणून ओरडत होती. दुपारी मेट्रोत बसवलं त्यांना. मेट्रो हे मेमधलं नागपुरातलं सर्वांत थंड प्रेक्षणीय स्थळ. त्या मार्गाचं नाव ऑरेंज लाइन. भाऊ म्हणाला, "चला, तेवढी तरी संत्री मिळाली." जाताना त्यानं संत्रा बर्फीचे चार डबे घेतले. मला ती बर्फी कधीच फारशी आवडली नाही. खरं संत्र सोलताना बोटांवर जो तेलकट कडसर फवारा उडतो, त्यातलं तिच्यात काहीच उतरत नाही. पण मेमध्ये पाहुण्यांना रिकाम्या हातानं कसं पाठवणार? भोसल्यांच्या काळात औरंगाबादेकडून आलेलं हे झाड, त्याच्या जोरावर शहराला नाव मिळालं, आणि शहर वर्षातले निम्मे महिने ते नाव बर्फीवर चालवतं.

मेमध्ये काही नसतं असंही नाही. दुपारी आईनं सरगुंडे काढले. उन्हाळ्याच्या सुरुवातीला कामट्यांवर गव्हाची कणीक गुंडाळून, वाळवून करतात ते, आमरसात घालून खायचे. तिच्या हातांना आता जमत नाही, शेजारच्या काकू करून देतात. बाहेर सेहेचाळीस डिग्री, आत वाळ्याच्या ताटीचा ओला वास, ताटात आमरस-सरगुंडे, आणि जेवण झाल्यावर चार वाजेपर्यंत सगळे जमिनीवर ओळीनं पडलेले. भावजय म्हणाली, "हेच खरं बघण्यासारखं आहे हो ताई." ती टोमणा मारत होती का, मला अजून कळलेलं नाही.

संध्याकाळी दीक्षाभूमी.

इथे मला थोडं खरं बोलावं लागेल. महालातल्या आमच्या वाड्यात दसरा म्हणजे सोनं लुटणं. त्याच दिवसांत स्टेशनापासून पश्चिमेकडे माणसांची नदी वाहायची. पांढरी लुगडी, डोक्यावर बोचकी, खांद्यावर लेकरं. आम्ही मुलं विचारायचो, एवढे लोक कुठे चालले? घरातलं उत्तर एकच, "त्यांचा कार्यक्रम असतो." त्यांचा. १४ ऑक्टोबर १९५६ला, अशोक विजयादशमीला, बाबासाहेब आंबेडकरांनी या शहरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, महास्थवीर चंद्रमणींकडून, माईसाहेबांसह. आणि मग स्वतः बावीस प्रतिज्ञा देऊन लाखोंना दीक्षा दिली. विसाव्या शतकात या गावात याहून मोठं काही घडलं असेल असं मला वाटत नाही. आणि माझ्या घरापासून काही किलोमीटरवर असलेली ती जागा मी पहिल्यांदा पाहिली वयाच्या तिसाव्या वर्षी, बँकेतली मैत्रीण घेऊन गेली म्हणून. तेव्हा स्तूपाचं काम चालू होतं. दसऱ्याला गेलो होतो. चहूकडे पुस्तकांची दुकानं. जत्रेत फुगे आणि बांगड्या असतात एवढंच मला माहीत. इथे अंगठा उठवणारी बाई नातवासाठी पुस्तक निवडत होती, पानं उलटून कागद कसा आहे ते चाचपत होती. माझ्या मैत्रिणीची आईही दर वर्षी एक पुस्तक घेई. तिला वाचता येत नव्हतं. मैत्रीण तिला वाचून दाखवी.

आता स्तूप पूर्ण आहे, २००१च्या डिसेंबरात उघडला. शिवदान मल यांचं डिझाइन, सांचीची आठवण देणारी तोरणं, पण सांचीचा स्तूप भरीव आणि हा आतून पोकळ. भाचीला ही गोष्ट फार आवडली. ती मध्यावर जाऊन वर बघत उभी राहिली, हळूच खाकरली, आणि आवाज गोल फिरून परत आला तेव्हा दचकली. म्हणाली, "आत्या, स्तूप बाहेरून प्रदक्षिणा घालायचा असतो. यांनी लोकांना आत घेतलंय." एवढं बोलून ती गप्प झाली. मीही. बाहेर बोधिवृक्ष आहे, श्रीलंकेतल्या अनुराधापूरच्या वृक्षाच्या फांद्यांपासून वाढवलेला. त्याच्याखाली एक कुटुंब डबा सोडून बसलं होतं. त्यातल्या बाईनं न विचारता आमच्या हातावर भिजवलेले फल्लीदाणे ठेवले.

बुधवारी रात्रीच्या गाडीनं ते परत गेले. यादीतली सात ठिकाणं राहिली. भाची दारातून म्हणाली, "मी परत येईन. तारीख आजीला विचारून."

आणि पोरगी आली. ऑगस्टमध्ये, एकटी, पंधरा ऑगस्टच्या आदल्या रात्री. त्या वर्षी आठवड्यानं लगेच पोळा होता, तेव्हा आईनं एका फोनमध्ये तिचा सगळा कार्यक्रम आखून दिला होता.

किल्ला मी लहानपणी एकदा बाबांच्या खांद्यावर बसून पाहिलाय, आणि त्यातला मला फक्त फुगा आठवतो. तोही फुटला होता. या वेळी पाऊस होता. आम्ही छत्र्या घेऊन रांगेत. बर्डीच्या या दोन टेकड्यांवर १८१७च्या नोव्हेंबरात, सव्वीस-सत्तावीस तारखेला, अप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि कंपनीची पलटण भिडली. भोसल्यांची माणसं कितीतरी जास्त होती आणि तरी हरली. किल्ला त्यानंतर इंग्रजांनी बांधला. म्हणजे ज्याला आपण आपला किल्ला म्हणतो तो आपण हरल्याची खूण आहे. पुढे १८५३मध्ये तिसरे रघुजी वारसाशिवाय गेले आणि डलहौसीनं राज्यच खालसा करून टाकलं. हे सगळं मी भाचीला सांगत होते, आणि पुढचे एक काका मागे वळून म्हणाले, "ताई, आज स्वातंत्र्यदिन आहे, काहून हरल्याचं सांगून राहिल्या पोरीला?"

वरून मी महाल शोधला. वाडा केव्हाच विकला, तिथं आता चार मजले आहेत. तरी शोधला. पाण्याच्या टाक्या, झाडं, पावसाचा पडदा. तलावाची एक करडी पट्टी तेवढी ओळखू आली. भाची तिच्या वहीत काहीतरी काढत होती, छत्री मी धरली होती, आणि माझी पाठ पूर्ण भिजली.

मारबतीबद्दल फार लिहीत नाही, ती लिहिण्याची गोष्ट नव्हे. १८८०च्या दशकापासून चालत आलेल्या काळी आणि पिवळी अशा दोन अक्राळविक्राळ बायांच्या मूर्ती, त्यांच्यासोबत सालभरात लोकांना ज्याचा ज्याचा राग आला त्या सगळ्यांचे बडगे म्हणजे पुतळे, इतवारीच्या गल्ल्यांत मुंगी शिरायला जागा नाही, आणि हजारो गळे, "घेऊन जाय गे मारबत!" महागाई घेऊन जा, खड्डे घेऊन जा, रोगराई घेऊन जा. भाचीनं आपला सबमिशनचा ताप घालवून घेतला. मी माझी पाठ.

तो दिवस आमच्याकडे कर असतो. पोळ्याला श्रावण संपलेला, महिनाभर ताटात दोडका-भोपळा खाऊन माणसं कंटाळलेली. कर म्हणजे बैलांचं झालं, आता माणसांचं. भाची गर्दीतून बाहेर येताच म्हणाली, "आत्या, सावजी."

बाबा एजी ऑफिसात, म्हणजे महालेखापालांच्या कचेरीत होते. महाल ते सिव्हिल लाइन्स सायकलनं. घरात कांदासुद्धा चातुर्मासात बंद. पण दर महिन्याच्या पहिल्या तारखेला बाबांना उशीर व्हायचा. "ऑफिसात काम होतं" म्हणायचे, तोंडात पान असायचं, आणि रुमाल ते स्वतः मोरीत टाकायचे. एरवी आईच्या हातात कपडे देणारा माणूस. मी मोठी झाल्यावर त्यांच्या मित्रांकडून कळलं, गोळीबार चौकातलं एक सावजी भोजनालय. आईला हे कळू नये म्हणून त्यांनी आयुष्यभर काळजी घेतली. बाबा गेले, आम्ही तिला कधी सांगितलं नाही.

मी त्या भागात कधी जेवले नव्हते. बायकांनी तिथं जाऊन बसायची रीतच नव्हती. हलबा कोष्टी समाजाचं हे जेवण. नागपुरी लुगडी विणणारी माणसं, घरात हातमाग. मग गिरण्या आल्या. एम्प्रेस मिल तर जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ला इथेच सुरू केली. पुढे यंत्रमाग आले. हातमाग बसले तशा कित्येक घरांनी पुढच्या खोलीत चार बाकं टाकली आणि आपलं रोजचं जेवण विकायला सुरुवात केली. म्हणून जुन्या सावजीकडे हॉटेलात आल्यासारखं वाटत नाही, कुणाच्या तरी घरी आगंतुक गेल्यासारखं वाटतं.

ऑर्डर घ्यायला एक पोरगेला मुलगा आला आणि एका दमात म्हणाला, मटन, चिकन, खूर, सुंदरी, कलेजी, खिमा गोळे, अंडा, पाटोडी, डाळ कांदा. भाचीनं मटन सांगितलं आणि माझ्याकडे बघितलं. "बाबांना सांगू नकोस हं." मी हसले. तिला कारण कळलं नाही. मी पाटोडी रस्सा घेतला, बेसनाच्या घट्ट वड्यांचा. गल्ल्यावरच्या बाईंनी विचारलं, "तिखट चालते न ताई?"

रस्सा काळा. लाल नव्हे, काळा, आणि त्यावर बोटभर तर्री. भाकरीचा तुकडा बुडवला तर तो आधी तेलातून जातो, मग मसाल्यात. पहिल्या घासाला काहीच होत नाही. खसखस, दगडफूल, सुंठ असं काहीतरी जिभेवरून चालत जातं. तिसऱ्या घासाला कानाच्या पाळ्या तापतात. पाचव्याला टाळूवर घाम. मग नाक. मी रुमाल काढला, कपाळ पुसलं, ओठ पुसले, पुन्हा कपाळ. समोर भाची बोलायची थांबली होती. आम्ही दोघी तोंडं उघडी टाकून श्वास घेत होतो आणि हात थांबत नव्हते. बाई स्वतः येऊन रश्श्याची वाटी ठेवून गेल्या. "घ्या, रश्श्याचे पैसे नाही." मी ती घेतली.

घरी आलो तेव्हा आई खिडकीशीच होती. भाची तिच्यापाशी बसून मारबतीचे फोटो दाखवू लागली. मी सरळ मोरीकडे निघाले, हातात रुमालाचा बोळा.

"गोळीबार चौक न?" आई फोटोवरची नजर न काढता म्हणाली.

मी थबकले. "तुला माहीत होतं?"

"हो तर. पहिली तारीख." तिनं फोन भाचीला परत दिला. "रस्सा दोनदा घेतलास?"

"एकदाच घेतला. का?"

"ते दोनदा घ्यायचे," आई म्हणाली. "डाग दोन असायचे."